लिंबाखालची झोळी

मला सरकारी नोकरी लागली त्या दिवशी अप्पांनी दुकान बंद ठेवलं. बहात्तरच्या दुष्काळात अख्खा दिवस एक गिऱ्हाईक फिरकायचं नाही, तरी कंधारच्या बाजारातलं आमचं किराणा दुकान सकाळची पूजा आटोपली की उघडायचंच. रिकाम्या डब्यांवरची धूळ झटकत वडील गादीवर बसून राहायचे. पण माझी नांदेडची ऑर्डर आली तेव्हा त्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या, कपाळावरचे भस्माचे पट्टे पुन्हा एकदा नीट ओढले आणि गावभर पेढे वाटत फिरले. "पोरीला कायमची खुर्ची मिळाली," एवढंच ते सगळ्यांना सांगत होते. 'कायमची' म्हणताना त्यांचा आवाज जरा चढायचा.

त्यांचं अगदीच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत त्यांचं दुकान एकदा पार लुटलं गेलं होतं. त्यातून बसवलेली घडी दुष्काळाने पुन्हा मोडली. माणसाने उभं केलेलं काहीही एका हंगामात जातं, सरकार तेवढं राहतं, असं त्यांचं ठाम मत झालेलं. निजामसुद्धा सरकारच होता की, असं मी एकदा बोलून गेले, तर दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. माझं ठरलेलं लग्न दुष्काळात लांबलं आणि लांबता लांबता मोडलं, त्याचंही मला काही फार वाटलं नाही, वाटलं ते अप्पांनाच. नवरा नाही तर नाही, निदान खुर्ची तरी असू दे, असं त्यांनी मनाशी धरलं असावं.

खुर्चीच्या आधी मात्र मी तरटाखाली बसत होते. मॅट्रिक होऊन घरी बसलेली मुलगी होते मी. गावाबाहेर खडी फोडण्याचं दुष्काळी काम निघालं होतं. बाया दिवसभर दगड फोडायच्या आणि त्यांची लेकरं फुफाट्यात पडलेली असायची. त्या लेकरांसाठी केंद्र काढलं गेलं. केंद्र म्हणजे चार बांबू, वर तरट, एक पाण्याचा रांजण, लेकरांना खायला सुकडीचं पोतं आणि शिकलेली बाई म्हणून मी. शेजारच्या लिंबाच्या फांद्यांना आया आपापल्या जुन्या लुगड्याच्या झोळ्या बांधून जायच्या. एक दोरी माझ्या हातात, एक पायाच्या अंगठ्याला, मांडीवर तिसरं रडत असायचं आणि चौथं माझी वेणी ओढत असायचं. त्याआधी मी आयुष्यात कधी इतकी दमले नव्हते आणि इतकी खूशही नव्हते.

पुढच्या साली पाऊसपाण्याची चिन्हं दिसली आणि केंद्र बंद करण्याचा हुकूम आला. खडीचं काम त्यानंतरही थोडे दिवस चालणार होतं, पण लेकरांचं बंद. एका दुपारी जीप आली, तरट, रांजण आणि उरलेली सुकडी घेऊन गेली. मी घरी आले. पुढे नोकरी लागली आणि ते दिवस मागे पडले, असं मला वाटत होतं.

नांदेडच्या कचेरीत मी दहाएक वर्षं काढली. आलेला कागद नोंदवायचा, पुढच्या टेबलावर सरकवायचा. डोक्यावर पंखा होता, खिडकीतून गुलमोहर दिसायचा, अकरा वाजता चहा यायचा. माणसं भली होती. कुणी मला काही कमी-जास्त बोललं नाही. फक्त रविवारी संध्याकाळी, उद्या सोमवार आहे या विचाराने मला बरंही वाटायचं नाही आणि वाईटही वाटायचं नाही. असं वर्षानुवर्षं कसं चालतं याचं मला आता नवल वाटतं, तेव्हा वाटत नव्हतं.

एकदा कचेरीतले आम्ही सगळे विष्णुपुरीला धरणाचं काम बघायला गेलो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी असा जामानिमा बरोबर. बाकीचे भिंतीची उंची बघत होते आणि मला मात्र रडणं ऐकू येत होतं. पहारींच्या तिकाटण्याला एक झोळी बांधली होती, आत लेकरू रडून रडून लाल झालेलं. आई कुठे दिसेना. मी जाऊन दोरी हातात घेतली. लेकरू झोपलं तरी मी हलवतच राहिले. तिकडे गाडीचा हॉर्न वाजून वाजून सगळे वैतागले. शेवटी आमचे हेडक्लार्क मला शोधत आले. "बाई, अख्खं धरण सोडून हे काय करून राहिल्या तुमी?" म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. पण त्या दिवसापासून मला खुर्ची टोचायला लागली.

त्याच सुमाराला उस्मानाबादेतून फुटून लातूरचा नवा जिल्हा झाला. माझी धाकटी बहीण लातूरला दिलेली होती. दिवाळीत तिच्याकडे गेले तर गावात जिकडे तिकडे बांधकाम. कचेऱ्या, साहेबांचे बंगले, नोकरांची क्वार्टरं. लोक नुसते जिल्हा झाला, जिल्हा झाला म्हणत कॉलर ताठ करून फिरत होते. त्या बांधकामांवर चाकूर, उदगीरकडून आलेल्या बाया विटा आणि घमेली वाहत होत्या आणि त्यांची लेकरं वाळूच्या ढिगांवर झोपलेली होती. कुत्री हुंगून जात होती. दुष्काळ संपून इतकी वर्षं झाली आणि लेकरांची जागा तीच. मला राग आला. इतक्या वर्षांत मला कशाचा धड रागही आला नव्हता.

राजीनामा देते म्हटल्यावर हेडक्लार्कनी कपाळाला हात लावला. "अहो, राजीनामा कशाला? बिनपगारी रजा घ्या. जमलं तर जमलं, नाहीतर खुर्ची हायच." कचेरीत सगळ्यांना ही युक्ती पटली. मलाही पटली, खोटं कशाला बोलू. अप्पांनी ऐकून घेतलं, गादीवरची सुरकुती सारखी केली आणि म्हणाले, "रजा हाय ना? मंग जा. हौस फिटली की ये माघारी. पण राजीनाम्याचं नाव काढायचं न्हाई पोरी. माझ्या गळ्याची आन हाय तुला." आम्ही लिंगायत, आमच्यात गळ्यात लिंग असतं. गळ्याला हात लावून घातलेली शपथ म्हणजे चेष्टा नव्हे. मी हो म्हटलं.

लातूरला मेहुण्यांच्या दुकानामागे एक खोली पडून होती. मी ती चुन्याने पांढरी केली, शेणाने सारवली, दाराला नवी कडी बसवली. सुताराकडून लाकडी पाळणे करून घेतले, त्यांना हिरवा रंग दिला, कड्यांना तेल दिलं. पैशाचं म्हणाल तर साठवलेलं थोडं होतं, त्याचं पुराण नको. मग बांधकामांवर फिरून बायांना बोलावणं केलं आणि बाजाराच्या दिवशी, काम बंद असताना, सात-आठ जणी खरोखरच बघायला आल्या. पदर सावरून खोलीत अवघडून उभ्या राहिल्या. पाळणा किती सुरेख हलतो ते दाखवावं म्हणून मी उत्साहाने एकाला झोका दिला. आवाज न करता पाळणा मागेपुढे व्हायला लागला. मी कौतुकाने बायांकडे बघितलं तर सगळ्यांचे चेहरे उतरलेले.

एका म्हातारीने पुढे होऊन पाळणा गच्च धरला. "रिकामा पाळणा हालवून राहिल्या बाई? लेकराच्या पोटात दुखतंय की!" दुसरीने माझ्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्याकडे बघितलं. बिनलेकराची, बिननवऱ्याची बाई आपल्या लेकरांसाठी आणलेला पाळणा रिकामा हलवते! एकेक करून सगळ्या बाहेर पडल्या. कंधारात वाढलेल्या मुलीला हे ठाऊक नसावं का? ठाऊक होतं. लहानपणी शेजारच्या घरी असाच रिकामा पाळणा हलवला म्हणून अप्पांनी पाठीत रट्टा दिला होता. पण दहा वर्षं कागद सरकवून सरकवून माझ्या हातांना तेवढंच सुचत होतं, समोर दिसेल ते ढकलायचं.

शेवटी निघाली ती उदगीरची. तिला सगळे उदगीरची म्हणायचे, कारण तिचं सासर तिकडचं होतं. वय माझ्याहून पुष्कळ कमी, अंगाने काटकुळी, पाठीला लेकरू बांधलेलं. दाराच्या कडीला हात लावून तिने विचारलं, "हे दार लावल्यावर माझं लेकरू रडलं, तर मला कामावर ऐकू येईल का?"

बांधकाम तिथून मैलभर लांब होतं. ज्या खोलीला मी सुरक्षित म्हणत होते ती त्या बायांच्या दृष्टीने लेकरू गिळून टाकणारी खोली होती. बहीण म्हणाली, "अक्का, पाळणे विकून टाक आणि नांदेडला जा." मी पाळणे मेहुण्यांच्या माळ्यावर टाकले आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची घागर घेऊन सरळ बांधकामावर गेले.

तिथे कोपऱ्यात एक जुना लिंब होता, गुत्तेदाराने अजून तोडला नव्हता. त्याला विचारलं. "माझ्या कामाची खोटी करू नका म्हंजी झालं," म्हणाला. मी खालची जागा झाडली, पाणी मारलं, खडे वेचले. बायांनी बघितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकीने आपल्या लुगड्याची झोळी फांदीला बांधली, मग दुसरीने. पण लेकरांपाशी त्यांच्याच थोरल्या मुली बसवायच्या. मी पाणी पाजायची, माश्या वारायची, बस. संध्याकाळी प्रत्येक बाई आपली झोळी सोडून लुगडं घेऊन जायची. फांदी पुन्हा मोकळी.

उदगीरची मात्र झोळीसुद्धा बांधत नव्हती. लेकरू पाठीला बांधून ती डोक्यावर विटा घेऊन परांचीवर चढायची. बांबूंचा तो सांगाडा तिच्या पावलागणिक लवायचा आणि लेकराची मान मागे लोंबायची. मी खालून बघत राहायची. ती खाली उतरेपर्यंत हातातला तांब्या तसाच राहायचा. माझी सगळी उठाठेव कशासाठी होती? त्या एका लेकराने त्या परांचीवर चढू नये यासाठी. ते होत नसेल तर मी पाणक्याचं काम करत होते, दुसरं काही नाही.

एका दुपारी भाकरीच्या सुट्टीत ती आपण होऊन माझ्याशेजारी येऊन बसली. "बाई, तुमी कंधारला खडीवर होताव ना? माझं माहेर तिकडचं. मी माझ्या भावाला घेऊन यायची तुमच्याकडं. तुमची वेणी ओढायचा, तो."

मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण चेहराही हलवला नाही. "एका सकाळी आलो तर तुमी बी न्हाई अन् तरट बी न्हाई. मायचं काम चालूच व्हतं. भावाला मग दगडाच्या ढिगापाशी मीच धरून बसायची." मग तिने विचारलं, "आता किती दिवस ऱ्हाताल?"

मी म्हटलं, "रजा आहे तोवर तर आहेच."

"रजा म्हंजी?"

मी समजावून सांगितलं. नांदेडची कचेरी, बिनपगारी रजा, सगळं. ती म्हणाली, "म्हंजी तिकडं तुमची जागा राखून ठिवल्याली हाय."

"हाव," मी म्हटलं.

"मंग माझं लेकरू माझ्या पाठीवरच बरं," म्हणाली आणि फडक्याची गाठ आवळत उठून गेली.

मला आधी तिचाच राग आला. मी खुर्ची सोडून, घर सोडून इथे धुळीत येऊन बसले आणि ही मलाच तपासते? घरी येऊन बहिणीपुढे फणफणले. पण बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी काही सोडलेलंच नव्हतं. नांदेडच्या खिडकीतला गुलमोहर माझ्यासाठी तसाच उभा होता. कंटाळा आला, उन्हाचा त्रास झाला, बायांनी ऐकलं नाही, तर मी जाणारच होते आणि मला कुणी नावंही ठेवली नसती. तिला तिच्या लहानपणीच हे कळून चुकलं होतं.

राजीनामा लिहायला पाच मिनिटं लागली, टपालात टाकायला चार दिवस. रोज पोस्टापर्यंत जायची आणि काहीतरी निमित्त काढून परत यायची. मला भीती वाटत होती, अगदी साधी भीती. म्हातारपणी कोण बघेल, आजारी पडले तर काय, आणि सगळ्यांत मोठी म्हणजे अप्पांचा गळा. शपथ मोडली आणि उद्या त्यांना काही झालं तर? माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण गळ्याला लावलेला त्यांचा हात डोळ्यांपुढून हलत नव्हता. पाचव्या दिवशी सकाळीच गेले, रजिस्टर केलं, पावती घेतली. मग एकाएकी सपाटून भूक लागली. समोरच्या हॉटेलात बसून मी दोन प्लेट भजी खाल्ली, एकटीने, भर बाजारात.

तशीच बांधकामावर गेले. उदगीरची विटा रचत होती. मी सांगितलं, "राजीनामा टाकला. तिकडं आता जागा नाही. इथं नाही जमलं तर मलाही कुठं जायचं नाही."

तिने हातातली वीट खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं. "मंग आमच्यासारख्याच झालाव की," म्हणाली. पाठीवरची गाठ सोडली आणि लेकरू माझ्या हातांत दिलं. घामाने भिजलेलं, गरम, झोपेतलं. "ह्याला उजव्या कुशीवर झोप लागती. रडलं तर हाळी मारा, मी हितंच हाय." आणि रिकाम्या पाठीने परांची चढून गेली. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, बघायला होतंच कोण.

तिचं बघून बाकीच्यांनी थोरल्या मुलींना उठवलं आणि दोऱ्या माझ्या हातांत दिल्या. त्या मुलींना मग मी पाटीवर अक्षरं काढायला बसवलं. पुढे त्या बांधकामावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असं अर्धं आयुष्य गेलं. लातूर उभं राहिलं त्यातल्या कितीतरी इमारतींबाहेर मी फक्त झाडाखाली बसलेली आहे, आत कधी गेलेली नाही. मला हेच करायचं होतं हे मला विशीत कळलं होतं आणि तिशीत करता आलं. मधली वर्षं वाया गेली असं मी म्हणत नाही, पण त्यांतला एकही सोमवार मला आठवत नाही.

अप्पांना मी स्वतः सांगणार होते. त्याआधी मेहुणे मालासाठी कंधारला गेले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं. दोन दिवसांनी संध्याकाळी, काम सुटण्याच्या सुमाराला, अप्पा पिशवी घेऊन थेट बांधकामावर हजर. धोतराला एसटीची धूळ, खांद्यावर उपरणं, कपाळावर भस्म. माझ्याकडे बघितलंही नाही. लिंबापलीकडच्या दगडावर बसले.

बाया एकेक करून लेकरं घ्यायला येत होत्या. सवयीप्रमाणे लुगडी सोडून घेत होत्या. उदगीरचीने लेकरू कडेवर घेतलं आणि झोळी तशीच राहू दिली. मी म्हटलं, "अगं, लुगडं?"

"सोडायचं कशाला?" ती म्हणाली. "उद्या यायचंच हाय की."

सगळ्या गेल्या. आम्ही दोघंच उरलो. मी जवळ जाऊन उभी राहिले. "अप्पा, मी तुमच्या गळ्याची शपथ मोडली."

त्यांनी खरोखरच गळ्याला हात लावून बघितला. "गळा हाय जाग्यावर," म्हणाले. एवढ्यात वारा सुटला आणि उदगीरचीची रिकामी झोळी फांदीला हलायला लागली. अप्पा ताडकन उठले, माझ्या आधी जाऊन दोन्ही हातांनी झोळी धरली.

"रिकामी झोळी हालू देऊ न्हाई, किती डाव सांगितलंय तुला?" ओरडले, अगदी मी सात वर्षांची असल्यासारखे. वारा थांबेना. ते झोळी धरून तसेच उभे. मग एका हाताने त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, छातीशी धरून त्याची नीट घडी घातली आणि झोळीत ठेवलं. लुगड्याची कड वरून पांघरली, लेकराला पांघरतात तशी.

कंधारची शेवटची गाडी सुटायची वेळ झाली होती. मी तसं म्हटलं. अप्पांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि झोळीवरचा हात न काढता विचारलं, "उद्या किती वाजता येतात ह्या बाया?"